चूल, कोळसा आणि वीज : मुंबई उपनगरातील तारेबाहेरच्या ऊर्जेचा इतिहास

सारांश

मुंबई उपनगरातील विजेचा इतिहास सामान्यतः कंपन्या, धरणे व रेल्वे यांच्या अनुषंगाने लिहिला जातो. जेथे विजेची तार पोहोचली नाही, तेथे लाकूड हेच ऊर्जेचे मुख्य साधन राहिले. लाकडापासून घरच्या घरी वीज मिळवण्याच्या कल्पनेची ऐतिहासिक पार्श्वभूमी, तिची तांत्रिक मर्यादा आणि तिचा सामाजिक अर्थ यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. लाकडाची वीज ही प्रत्येक वेळी टंचाईच्या काळात पुढे आली आणि टंचाई सरताच मागे पडली, असे या विवेचनातून दिसून येते.

बीजशब्द : चूल, बंब, कोळशाचा गॅस, गॅसिफायर, उपनगरीय वीजपुरवठा, आदिवासी पाडे

१. प्रस्तावना

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही नावे आज अखंड विजेच्या महानगराची उपांगे म्हणून उच्चारली जातात. मात्र याच उपनगरांच्या मध्यभागी सुमारे १०३ चौरस किलोमीटर क्षेत्राचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे आणि त्याला लागूनच आरेचा हिरवा पट्टा आहे. या दोन्ही ठिकाणी वारली, मल्हार कोळी, कोकणा, कातकरी या समाजांचे पाडे आहेत. विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत यांपैकी कित्येक पाड्यांवर विजेचा दिवा नव्हता. टेकडीखाली झगमगणारी वसाहत आणि टेकडीवर चुलीच्या उजेडात जेवणारे कुटुंब ही दोन दृश्ये एकाच नगरपालिका क्षेत्रात दीर्घकाळ शेजारी नांदत होती.

अशा ठिकाणी सहज सुचणारा उपाय असा की, चूल जर रोज पेटतेच आहे, तर तिच्याच उष्णतेतून थोडी वीज का मिळवू नये? पत्रा, विटा, जुना डबा आणि थोडी कारागिरी यांच्या बळावर अशी चूल घरी बांधता येते, असे सांगणारे हौशी प्रयोगकर्ते जगभर आहेत. हा विचार नवा वाटत असला, तरी मुंबई परिसरात त्याला किमान आठ दशकांची पूर्वपीठिका आहे. ती समजून घेतल्याशिवाय या उपायाचे मोल ठरवता येणार नाही.

२. उपनगरात वीज कशी आली

मुंबई शहरात विजेचा संघटित पुरवठा ‘बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज’ या १९०५ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीने सुरू केला. वाडी बंदर येथील तिचे केंद्र दगडी कोळशावर चालत असे. मे १९०७ मध्ये विजेची ट्राम धावू लागली. पुढे टाटांची जलविद्युत केंद्रे उभी राहिली. १९१५ मध्ये खोपोली, १९२२ मध्ये भिवपुरी आणि १९२७ मध्ये भिरा येथून वीजनिर्मिती सुरू झाली. या विजेचा मोठा वाटा मुंबईच्या गिरण्यांकडे जात होता. भिऱ्याच्या प्रकल्पासाठी मुळशी खोऱ्यातील गावे पाण्याखाली गेली. त्याविरुद्ध १९२१ मध्ये सुरू झालेला व सेनापती बापटांच्या नावाशी कायमचा जोडला गेलेला मुळशी सत्याग्रह महाराष्ट्राला परिचित आहे. मुंबईच्या विजेची किंमत मुंबईबाहेरच्या माणसांनी मोजण्याची परंपरा तेथपर्यंत मागे जाते.

उपनगरात वीज आली ती आधी रेल्वेसाठी. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला ही विजेची गाडी धावली. जानेवारी १९२८ मध्ये पश्चिम बाजूस बोरिवलीपर्यंतचा मार्ग विद्युतीकृत झाला. पाठोपाठ १९२९ मध्ये ‘बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय’ ही कंपनी स्थापन झाली. ‘बीएसईएस’ या आद्याक्षरांनी ती पुढे ओळखली जाऊ लागली. कंपनीची मालकी २००३ च्या सुमारास रिलायन्स समूहाकडे आणि ऑगस्ट २०१८ मध्ये अदानी समूहाकडे गेली. मुलुंड आणि भांडुपचा पुरवठा मात्र राज्याच्या वीज मंडळाकडे होता व त्याच्या विभाजनानंतर तो महावितरणकडे आला. १९५० व १९५७ च्या हद्दवाढींनी ही सर्व उपनगरे बृहन्मुंबईत समाविष्ट झाली.

या क्रमातून एक गोष्ट स्पष्ट होते. विजेची तार रेल्वेच्या रुळांमागून आणि घराच्या कागदपत्रांमागून गेली. ज्याच्याजवळ रुळालगतचे घर व मालकीचा किंवा भाड्याचा पुरावा होता, त्याला मीटर मिळाले. ज्याचे घर वनखात्याच्या अथवा शासनाच्या जमिनीवर होते, तो रुळापासून काही किलोमीटरवर असूनही अंधारात राहिला. अंतर हा या अंधाराचा मुख्य घटक नव्हता.

३. बंब, शेगडी आणि वखार

विजेचे दिवे आले तरी उपनगरातील स्वयंपाकघरात लाकूड व कोळसा दीर्घकाळ टिकून राहिले. स्थानकाजवळची लाकडाची वखार ही वाण्याच्या दुकानाइतकीच आवश्यक संस्था होती. तेथे फोडलेली लाकडे व लोणारी कोळसा वजनावर मिळे. पोत्यातून शेवटी उरलेली कोळशाची भुकटी शेणात कालवून तिचे गोळे वाळवले जात. १९५५ च्या सुमारास तुर्भे येथील तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झाले, ‘बर्शेन’ या नावाने स्वयंपाकाचा गॅस विक्रीस आला आणि त्यानंतर हे चित्र हळूहळू पालटले.

या काळातील दोन साधने प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत. पहिले म्हणजे तांब्याचा बंब. त्याच्या मधोमध उभी नळी असते, नळीत तळाशी जाळीवर विस्तव असतो आणि नळीभोवती पाणी असते. धूर वर जाताना आपली उष्णता पाण्याला देतो. रचनेच्या दृष्टीने हा एक लहानसा बाष्पकच होय. फरक इतकाच की तो बंदिस्त नसतो. पाणी उकळले तरी वाफ मोकळी होते, दाब साचत नाही आणि म्हणूनच तो न्हाणीघरात निर्धास्तपणे ठेवता येतो. वाफेवर यंत्र चालवायचे तर ती कोंडावी लागते आणि कोंडलेली वाफ म्हणजे स्फोटाचा धोका. १९२३ च्या भारतीय बाष्पक अधिनियमाने पाच गॅलनांहून मोठ्या बंदिस्त बाष्पपात्रांवर नोंदणीचे व तपासणीचे बंधन घातले, त्यामागे हाच अनुभव होता. २०२५ मध्ये नव्या अधिनियमाने त्याची जागा घेतली. घरगुती वाफेचे इंजिन आपल्याकडे का रुजले नाही, याचे एक उत्तर येथे सापडते.

दुसरे साधन म्हणजे भुशाची शेगडी. पत्र्याच्या डब्याला तळाशी बाजूने भोक पाडायचे, मध्ये बाटली किंवा गोल दांडका उभा धरून भोवती लाकडाचा भुसा घट्ट ठासायचा आणि दांडका अलगद काढून घ्यायचा. मध्ये राहिलेल्या पोकळीतून आच वर येते व भरलेली शेगडी काही तास धुमसत राहते. आतून बाहेर सरकत जाणाऱ्या या ज्वलनात भुशाचे आधी वायूत रूपांतर होते आणि मग तो वायू जळतो. गृहिणीला या प्रक्रियेचे शास्त्रीय नाव ठाऊक नव्हते. परंतु लाकूड थेट न जाळता त्याचा वायू जाळणे हे तत्त्व तिच्या हातात होते. पुढे वर्णन केलेल्या गॅसिफायरचे हे दूरचे भावंड म्हणावे लागेल.

४. युद्धकाळातील कोळशाचा गॅस

लाकडापासून यांत्रिक शक्ती मिळवण्याचा व्यापक प्रयोग मुंबई परिसराने दुसऱ्या महायुद्धात पाहिला. १९४१ पासून पेट्रोलवर नियंत्रण आले आणि प्रवासी मोटारींच्या मागे कोळशाची उभी टाकी दिसू लागली. टाकीत लोणारी कोळसा अपुऱ्या हवेत जाळला की प्राणवायू आधी कार्बन डायऑक्साइड बनवतो आणि तप्त कोळशातून जाताना त्याचे कार्बन मोनॉक्साइड होते. हा ज्वलनशील वायू गाळून, थंड करून इंजिनात सोडला जाई. युरोपात त्या काळी लाखो वाहने अशा रीतीने लाकडाच्या किंवा कोळशाच्या वायूवर धावत होती.

या वायूत निम्म्याच्या आसपास निरुपयोगी नायट्रोजन असतो. त्यामुळे इंजिनाची शक्ती तिसऱ्या हिश्श्याहून अधिक घटते. घाटात गाडी दमत असे, निघण्यापूर्वी पंखा फिरवून विस्तव फुलवावा लागे आणि गाळण्या वारंवार साफ कराव्या लागत. कच्च्या लाकडापेक्षा कोळसा पसंत केला जाई, कारण लाकडातून निघणारे डांबर इंजिनाच्या झडपा चिकटवून टाकते. युद्ध संपून पेट्रोल सुलभ होताच या टाक्या भंगारात गेल्या. यंत्र निकामी ठरले म्हणून ते टाकले गेले नाही. ज्या टंचाईने ते आणले, ती ओसरली म्हणून टाकले गेले.

या प्रकरणाची दुसरी बाजू क्वचितच नोंदवली जाते. मुंबईला लागणारा लोणारी कोळसा ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील जंगलांतून येत असे. तो पाडणाऱ्यांत कातकरी मजुरांचा भरणा मोठा होता. ठेकेदाराकडून उचल घ्यायची, पावसाळा संपला की कुटुंबासह भट्टीवर जायचे आणि हंगामभर राबून ती फेडायची, असा हा वेठीशी मिळताजुळता व्यवहार होता. ज्यांच्या भट्टीच्या कोळशावर शहराच्या शेगड्या आणि मोटारी चालल्या, त्यांच्या झोपडीत उजेडाचे साधन चुलीपलीकडे नव्हते.

५. पवईतील प्रयोग

१९७३ च्या तेलसंकटाने लाकडाच्या वायूचा विषय पुन्हा पटलावर आला. केंद्र शासनाने १९८२ मध्ये अपारंपरिक ऊर्जास्रोत विभाग स्थापन केला आणि १९८७ पासून गॅसिफायरच्या प्रसाराचा कार्यक्रम हाती घेतला. त्यासाठी ज्या संस्थांत संशोधन व चाचणीची व्यवस्था झाली, त्यांत पवईची भारतीय तंत्रज्ञान संस्था होती. १९५८ मध्ये स्थापन झालेली ही संस्था पवई आणि विहार तलावांच्या मधल्या भूमीवर, आरेच्या पाड्यांपासून हाकेच्या अंतरावर आहे. येथे निरनिराळ्या बनावटीच्या गॅसिफायरांची कामगिरी मोजणे, वायूतील डांबर व धूलिकण तपासणे आणि डिझेल इंजिनाशी त्यांची सांगड घालणे असे कार्य झाले. याच संस्थेत १९८५ मध्ये ग्रामीण भागासाठी तंत्रज्ञान-पर्यायांचे केंद्रही सुरू झाले होते.

या कार्यक्रमातून हाती आलेले आकडे आजही मार्गदर्शक आहेत. चांगल्या स्थितीतील लहान गॅसिफायरमध्ये एक युनिट विजेसाठी साधारणतः सव्वा ते दीड किलो वाळलेले लाकूड लागते. कर्नाटकातील तुमकूर जिल्ह्यातील होसहळ्ळी या छोट्या गावात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने १९८८ मध्ये सुमारे ३.७ किलोवॉटचे असे केंद्र उभारले. त्यावर घरातील दिवे, पिण्याचे पाणी व पिठाची गिरणी चालली. गावाने इंधनासाठी झाडे लावली, चालक प्रशिक्षित केला आणि संस्थेचे पाठबळ दीर्घकाळ टिकले. याउलट सिंचनाच्या पंपांसाठी अनुदानावर वाटलेल्या गॅसिफायरांपैकी बरेच लवकरच बंद पडले. अनेक शेतकऱ्यांनी सोबत मिळालेले डिझेल इंजिन ठेवून घेतले आणि लाकडाची टाकी बाजूला सारली. लाकूड तोडून त्याचे सारखे तुकडे करणे, ते वाळवणे, राख व डांबर काढणे या श्रमांची गणना योजनेच्या कागदात झालीच नव्हती.

६. घरगुती चुलीतून किती वीज?

गॅसिफायर हे गावाचे किंवा कारखान्याचे साधन झाले. एका घरासाठी राहतो तो ताप-विद्युत पट्टीचा मार्ग. दोन भिन्न धातूंच्या सांध्यांना वेगवेगळ्या तापमानात ठेवल्यास विद्युतप्रवाह निर्माण होतो, हे झेबेक याने १८२१ मध्ये दाखवले. बिस्मथ टेल्युराइड या अर्धवाहकाचा शोध १९५० च्या दशकात लागल्यावर हे तत्त्व व्यवहारात आले. सोव्हिएत रशियात त्याच दशकात रॉकेलच्या दिव्यावर रेडिओ चालवणारी साधने तयार झाली.

हिशेब पुढीलप्रमाणे मांडता येतो. एक किलो वाळक्या लाकडात सुमारे चार युनिट इतकी उष्णता असते. तासाला किलोभर लाकूड जाळणारी चूल म्हणजे चार हजार वॉट उष्णतेचे साधन झाले. परंतु चुलीच्या भिंतीवर बसवलेल्या तळहाताएवढ्याही नसलेल्या पट्टीतून त्यांपैकी शंभर-दीडशे वॉटच जातात. त्यांपैकी विजेत रूपांतर होते ते फार तर चार-पाच टक्के. म्हणजे हाती येतात पाच-सहा वॉट. पट्टीची दुसरी बाजू थंड राखावी लागते आणि त्यासाठी पंखा लावल्यास एखादा वॉट तोच खातो. पंख्याऐवजी पाण्याचे भांडे टेकवले तर वीज वाचते व पाणीही तापते. बंबाची जुनी रचना येथे नव्याने उपयोगी पडते. मात्र पाणी उकळू लागले की दोन्ही बाजूंतील अंतर घटते आणि वीज मंदावते, म्हणून पाणी बदलत राहावे लागते. पट्टी थेट ज्वाळेत धरल्यास तिचे सांधे वितळून ती कायमची निकामी होते. त्यामुळे मध्ये धातूची जाड पाटी असणे आवश्यक ठरते.

पाच वॉट ही संख्या १९८० मध्ये हास्यास्पद वाटली असती, कारण तेवढ्यात तारेचा दिवा धड तांबडाही होत नसे. एलईडी दिव्याने हे गणित बदलले. आज चार वॉटच्या एलईडीतून पूर्वीच्या चाळीस वॉटच्या दिव्याइतका उजेड मिळतो. म्हणजे स्वयंपाकाच्या दोन तासांत एका खोलीचा दिवा आणि भ्रमणध्वनीची थोडीफार भरणी एवढे चुलीकडून मिळू शकते. पंखा, शीतकपाट, दळणाचे यंत्र यांची अपेक्षा तिच्याकडून करता येत नाही.

या साधनांचे धोकेही स्पष्ट आहेत. घरी बनवलेल्या गॅसिफायरच्या वायूत सुमारे पाचवा हिस्सा कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नसतो आणि बंद खोलीत तो जीवघेणा ठरतो. चुलीचा धूर हा तर रोजचाच प्रश्न आहे. गुजरातमधील खेड्यांत कर्क स्मिथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी केलेल्या मोजमापांनी स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या श्वासातील धुराचे भयावह प्रमाण प्रथमच आकड्यांत मांडले. वर्ध्याच्या मगनवाडीतील ‘मगन चूल’ आणि १९८३ ते २००२ दरम्यान राबवलेला सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हे धूर कमी करण्याचेच प्रयत्न होते. विजेसाठी चूल अधिक वेळ पेटती ठेवणे म्हणजे त्याच स्त्रीला धुरात अधिक वेळ बसवणे होय.

७. तारेबाहेरचे पाडे

उपनगरातील पाड्यांच्या संदर्भात या उपायाची परीक्षा घेतली असता आणखी एक अडचण पुढे येते. राष्ट्रीय उद्यानातून लाकूड आणणे हे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानुसार निषिद्ध आहे. शहरातील झाडांना १९७५ च्या वृक्ष संरक्षण अधिनियमाचे संरक्षण आहे. म्हणजे ज्या कुटुंबाला वीज मिळाली नाही, त्याला पर्याय म्हणून सुचवले जाणारे इंधनच त्याच्यासाठी गुन्हा ठरू शकते. शहराच्या हवेचाही प्रश्न आहेच. २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर लाकूड व कोळशावरील बेकरीच्या भट्ट्यांना स्वच्छ इंधनाकडे वळण्यास सांगण्यात आले.

पाड्यांवर वीज का पोहोचली नाही, याचे उत्तर तंत्रज्ञानात नाही. मे १९९७ मध्ये उच्च न्यायालयाने राष्ट्रीय उद्यानातील अतिक्रमणे हटवण्याचा आदेश दिला. त्यानंतरच्या कारवाईच्या काळात पिढ्यान्‌पिढ्या राहणारा आदिवासी आणि नव्याने आलेला झोपडीधारक यांतील भेद कागदावर सिद्ध करणे पाड्यांना कठीण गेले. विजेची जोडणी हा वास्तव्याचा पुरावा ठरतो. म्हणूनच ती मागणे हा हक्काचा प्रश्न झाला आणि ती देणे हा प्रशासनाच्या दृष्टीने जोखमीचा. २००६ च्या वनहक्क अधिनियमाने या कोंडीवर एक मार्ग दाखवला. त्यातील कलम ३(२) नुसार ग्रामसभेच्या शिफारशीने वीजवाहिन्यांसह तेरा प्रकारच्या सुविधांसाठी प्रत्येकी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन वळवता येते. त्यासाठी तोडावयाच्या झाडांची मर्यादा हेक्टरी पंचाहत्तर आहे. कायद्याने तारेचा मार्ग मोकळा केला. तो प्रत्यक्षात चालणे ही वेगळी बाब.

येथे डहाणूचा उल्लेख अपरिहार्य ठरतो. उपनगरांना वीज पुरवण्यासाठी बीएसईएसने डहाणू येथे ५०० मेगावॉटचे औष्णिक केंद्र उभारले व ते १९९५ मध्ये सुरू झाले. डहाणू हा वारली समाजाचा तालुका. त्याच समाजाची माणसे बोरिवली व गोरेगावच्या टेकड्यांवर राहतात. विजेच्या उगमापाशी वारली, तिच्या शेवटच्या टोकाशीही वारली; आणि मधल्या तारेवर वर्षानुवर्षे दोघांचाही वाटा अत्यल्प, अशी ही रचना होती. मुळशीच्या धरणग्रस्तांपासून काढलेली रेषा येथे येऊन मिळते.

८. समारोप

उपरोक्त विवेचनातून तीन निष्कर्ष निघतात. एक, लाकडापासून वीज मिळवण्याचे तंत्र सिद्ध व जुने आहे. ते युद्ध, तेलसंकट किंवा तारेचा अभाव अशा प्रत्येक टंचाईत परतले आणि टंचाई सरताच विसरले गेले. दोन, घरगुती चुलीची मर्यादा काही वॉटांची आहे. एलईडीमुळे या काही वॉटांना अर्थ प्राप्त झाला असला, तरी ती उजेड देऊ शकते, घर चालवू शकत नाही. तीन, या तंत्राचा श्रमभार आणि धूर नेहमी त्याच घटकांवर पडला, ज्यांना तारेची वीज सर्वांत शेवटी मिळाली.

डोंगरातील एकाकी वस्तीला, आपत्तीनंतर खांब कोसळलेल्या गावाला किंवा प्रयोगशील विद्यार्थ्याला चुलीवरील पट्टी निश्चितच उपयुक्त आहे आणि तिचा अभ्यास महाविद्यालयीन पातळीवर अवश्य व्हावा. पण महानगराच्या हद्दीतील पाड्याला ‘तुमची वीज तुम्ही चुलीतून काढा’ असे सांगणे म्हणजे तारेची जबाबदारी टाळणे होय. दिव्याखाली अंधार ही म्हण उपनगराच्या इतिहासाला शब्दशः लागू पडते. तो अंधार दूर करण्यासाठी लागणारे तंत्रज्ञान १९२९ पासून रुळापलीकडे उपलब्ध होते. टेकडीवर तेवत राहिलेली चूल ही त्या विलंबाची साक्ष आहे, आणि इतिहासाच्या अभ्यासकाने तिच्याकडे त्याच दृष्टीने पाहावयास हवे.